शर्यतीनंतरचा घोडा

मुंबईत महालक्ष्मीला हिवाळ्यात आणि पुण्यात पावसाळ्यात धावणारे थरोब्रेड घोडे दोन वर्षांचे असतानाच शर्यतीसाठी तयार होतात. चार-पाच वर्षांचे होईतो अनेकांची शर्यत संपते. आयुष्य मात्र पंचवीसेक वर्षांचं. अशा तरुण घोड्याला रपेटीसाठी घडवताना सुरुवातीला खोगीर खुंटीलाच राहिलेलं बरं.

त्याला शिकवलेलं सगळं वेगासाठी असतं. लगाम ताणला की इतर घोडे थांबतात. हा लगामावर रेलून आणखी पळतो. स्वार चढेपर्यंत स्थिर उभं राहणंही पुष्कळांना ठाऊक नसतं, कारण जॉकीला बहुधा चालत्या घोड्यावरच उचलून बसवतात.

म्हणून आधी जमिनीवरचे धडे. साधी म्होरकी, लांब दोर. दोराने हलका दाब द्यायचा. घोड्याने एक पाऊल मागे टाकलं, निदान वजन मागे नेलं, की त्याच क्षणी ढील. घोडा शिकतो तो या ढिलीतून. ती जरा उशिरा मिळाली तर भलतंच शिकतो. मग मागचा पाय पोटाखाली आडवा टाकत वळणं, जमिनीवरच्या बांबूंवरून चालणं, तेही दोन्ही अंगांनी. मान खाली आली, जबडा चघळू लागला, की ताण उतरतोय असं समजावं. गोल गोल पळवून दमवण्याची युक्ती मात्र फसवी: घोड्याचा दमसास वाढतो आणि कोवळे सांधे झिजतात.

चंदी कमी करून गवत वाढवणंही यातच आलं. शर्यतीच्या घोड्यांत पोटातले व्रण सर्रास आढळतात. तंग कसताना चावणारा घोडा पुष्कळदा दुखण्यानेच चावतो. त्याला आधी पशुवैद्याकडे दाखवावं.