गळ टाकणारा मासा

आमच्या शिरपूरला समुद्र नाही. आहे ती अरुणावती, आणि दक्षिणेला तापी. तापीकाठी गळाला गांडूळ लावून तासन् तास बसणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो. पण मासाच गळ टाकून बसतो, हे प्रथम वाचले तेव्हा मला खरे वाटेना.

या माशाचे शास्त्रीय नाव सेराशियस होलबोली. डेन्मार्कच्या क्रॉयर यांनी १८४५ साली त्याचे वर्णन केले. हजार मीटर खोलीवर सूर्यप्रकाश पोहोचत नाही. तेथे या माशाची मादी आपल्या कपाळावरची काठी पुढे करते. काठीच्या टोकाशी प्रकाश देणारे जीवाणू असतात. दिव्याला भुलून भक्ष्य जवळ येते आणि क्षणात गिळले जाते.

पण नर कुठे? १९२२ साली आइसलँडच्या सेमुंडसन यांना एका मादीच्या पोटाला दोन चिमुकले मासे चिकटलेले दिसले. ती पिल्ले असावीत, असे त्यांना वाटले. १९२५ साली लंडनच्या टेट रीगन यांनी उलगडा केला : हे पिल्लू नव्हे, हाच नर! मादी मीटरभर लांब होते. मोकळा नर बोटाच्या पेराएवढा. त्याला गळ नसतो, मोठे डोळे असतात. मादी सापडली की तो तिला चावून धरतो. मग दोघांची कातडी जुळते, रक्तवाहिन्या एक होतात आणि तिच्याच रक्तावर तो जन्मभर जगतो.

येथेच मी थबकलो. दोन वर्षांपूर्वी माझ्या आजीने मामांना आपले मूत्रपिंड दिले. सख्ख्या आईचा अवयव, तरी मामांचे शरीर त्याला परका समजते. त्याला आवरण्यासाठी रोज ठरल्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतात. एक वेळ चुकली तरी घरात सर्वांचे धाबे दणाणते.

मग मादी नराला परका का मानत नाही? २०२० साली जर्मनी व अमेरिकेतील संशोधकांनी याचे उत्तर दिले. कायमचे जोडले जाणाऱ्या या माशांच्या जातींत परके ओळखून प्रतिकार करणाऱ्या व्यवस्थेची महत्त्वाची जनुके नाहीशी किंवा निकामी झाली आहेत. आपण अशा व्यवस्थेवाचून साध्या रोगानेही दगावू. हे मासे कसे तगतात, याचा पुरता उलगडा अजून व्हायचा आहे.

हे सारे आजीला सांगितले. ती एवढेच म्हणाली, "मंग त्याले गोया नही लागतस का?"

नाही, आजी. आणि का लागत नाहीत, हे पुरते कळेल त्या दिवशी कदाचित मामांचीही एखादी गोळी कमी होईल.