स्वयंचलित यंत्राचा तोल व दोषनिदान

वाफेच्या एंजिनाचा वेग आपोआप आवरणारे दोन फिरते गोळे जेम्स वॅट यानें १७८८ सालीं उपयोगांत आणले, हें पुष्कळ श्रोत्यांस ठाऊक असेल. वेग वाढला कीं गोळे फांकतात व वाफेची झडप मिटूं लागते. मंदावला कीं ते खालीं येऊन झडप उघडते. परंतु कांहीं एंजिनांत हीच युक्ति अंगाशीं येई. दुरुस्ती उशिरां व प्रमाणाबाहेर होऊन वेग झोंके खाऊं लागे. असा झोंका केव्हां विरतो व केव्हां वाढतो, याचें गणित मॅक्सवेल यानें १८६८ सालीं मांडलें. यंत्राचें स्थैर्य तें हेंच.

पण यंत्रास मिळणारी वार्ताच खोटी असेल तर? संजय चुकीचें सांगूं लागला तर धृतराष्ट्रानें काय करावें?

बोइंग ७३७ मॅक्स विमानांत हेंच घडलें. विमानाचें नाक फार वर गेल्यास तें आपोआप खालीं आणणारी योजना त्यांत होती. कोन मोजणारीं पातीं दोन. योजना मात्र एका वेळीं एकाच पात्याचें ऐके. २९ ऑक्टोबर २०१८ रोजीं जकार्ताहून निघालेल्या विमानाचें डावें पातें सुमारें २१ अंश अधिक दाखवीत होतें. वैमानिकांनीं नाक उचलावें, यंत्रानें तें पुनः दाबावें, असें वारंवार होऊन विमान समुद्रांत पडलें; १८९ माणसें गेलीं. १० मार्च २०१९ रोजीं आदिस अबाबाहून निघालेल्या विमानांत १५७ गेलीं. विशेष हें कीं, ही योजना बिघडली नव्हती. खोट्या वार्तेवर ती आज्ञेबरहुकूमच वागत होती. त्याहून विषादाची गोष्ट म्हणजे, पहिल्या विमानास आदल्याच रात्रीं हाच विकार जडला होता. तेव्हांच्या वैमानिकांनीं शेपटीच्या पंखाची वीज तोडून तें सुखरूप उतरविलें. परंतु तो उपाय देखभालीच्या नोंदवहींत उतरला नाहीं.

दोन पातीं ताडून पाहिलीं तर दोष आहे एवढें कळतें. खोटें कोणतें, तें कळत नाहीं. त्यासाठीं तिसरा साक्षीदार हवा. वेग, उंची इत्यादींवरून गणितानें काढलेला अपेक्षित आंकडाहि तें काम करतो, आणि हल्लीं तो काढण्यास अनुभवानें शिकणारीं गणकयंत्रेंहि लावतात. प्रत्यक्ष व अपेक्षित यांतील तफावत क्षणिक असेल तर तो वाऱ्याचा हिसका असूं शकतो. टिकून राहिली तर विकाराचा संशय घ्यावा. मर्यादा कोठें आंखावी, हें खरें अवघड. ती फार अरुंद ठेवली तर यंत्र उगाच ओरडतें, फार रुंद ठेवली तर उशिरां.

सुधारलेल्या योजनेंत दोन पात्यांत ५.५ अंश वा अधिक फरक आढळल्यास ती मुळीं हालचालच करीत नाहीं. अमेरिकेनें नोव्हेंबर २०२० मध्यें या विमानांस पुनः उड्डाणाची अनुज्ञा दिली.