फार्मसीचे दार सीईटीने उघडते

कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या आपल्या वस्त्यांत बारावीला सत्तर टक्के पडले की पेढे वाटले जातात. पण बी. फार्मच्या यादीत क्रम त्या टक्क्यांनी लागत नाही. आरक्षित वर्गाला बारावीचे ४० टक्के केवळ पात्रतेपुरते. पुढे मोजतात ते सीईटीचे पर्सेंटाइल. त्यात सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे. स्टेशनजवळच्या क्लासची फी ज्याच्या बापाला परवडते, तो दोन वर्षे तेच घोकतो. ही गुणवत्ता की फीची पावती? डी. फार्मला सीईटी नाही. तिथे बारावीच्या विज्ञान विषयांचे गुणच चालतात. आणि जात वैधतेचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत टाका. मुदतीत प्रमाणपत्र आले नाही, तर चांगल्या पर्सेंटाइलवर मिळालेली राखीव जागाही हातची जाते.