वीस तारीख

सकाळी 9:30
इचलकरंजी, जुलै महिना. कर सल्लागाराच्या ऑफिसात भिंतीवर कालनिर्णय. 7, 11, 15, 18, 20, 22, 31 या तारखांभोवती लाल गोल. सातला टीडीएस भरायचा, अकराला विक्रीची बिलं चढवायची, पंधराला पीएफ-ईएसआय, अठराला कंपोझिशनवाले. आज जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, 3बी. ऑफिसात काम करणाऱ्या ताई वही उघडतात. नावं 62, टिक 41 वर.

10:15
आधी निरंकवाले. विक्री नाही, खरेदी नाही, तरी विवरणपत्र भरायचंच. चुकलं तर दिवसाला 20 रुपये, बाकीच्यांना 50. ओटीपी जातो मालकाच्या मोबाईलवर आणि मालक असतो मागांच्या खडखडाटात. तिसऱ्या फोनला उचलतो. "अण्णा, जरा बाहेर या. आलेला नंबर सांगा." नंबर येईपर्यंत पोर्टलच लॉगआउट झालेलं. पुन्हा पहिल्यापासून.
एका विवरणपत्राची फी 500. कित्येकांची तीन-तीन महिन्यांची बाकी आहे. ताईंचा पगार 15 हजार, तो मात्र सात तारखेला होतो. या कामाला तो कमीच.

दुपारी 12:40
एक कारखानदार. सूत घेतो, कापड विणून विकतो. 2,40,000 चं सुताचं बिल, वर पाच टक्क्यांनी 12,000 जीएसटी. पैसे कधीच दिलेत. पण 14 तारखेला पोर्टलवर आलेल्या खरेदीच्या बिलांच्या यादीत, 2बी मध्ये, ते बिलच नाही. ताई बिलाचा नंबर बोटाने धरून यादी वरून खाली बघतात, मग खालून वर. नाहीच. सूतवाल्याने अकराच्या आत चढवलेलं नाही. म्हणजे ते 12,000 करातून वजा होणार नाहीत, भरणा 6,250 नव्हे, 18,250.
"मी बिल दिलंय की वो ताई!"
"तुम्ही दिलंय अण्णा. त्यांनी दाखवलं नाही."

3:10
डबा. भाकरी, घेवड्याची भाजी. जेवताना फोन दोनदा वाजतो, ताई डाव्या हाताने उचलतात.

संध्याकाळी 6:00
बाहेर पाऊस, आत सगळ्या खुर्च्या भरलेल्या. कापड व्यापाऱ्याकडे गेलं, बिल झालं. पैसे येतात दोन-तीन महिन्यांनी. कर मात्र बिलाच्या तारखेवर. दुपारचे अण्णाही आलेत.
"उद्या भरलं तर?"
ताई कॅल्क्युलेटर पुढे सरकवतात. 18,250 वर 18 टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज 9 रुपये, लेट फी 50. "एकोणसाठ. पण उद्या पैसे नक्की येणार का?"
अण्णा बोलत नाहीत. तीच तर अडचण. दोन महिने विवरणपत्र थकलं की ई-वे बिल बंद, गाडी दारातच उभी.

रात्री 9:20
मेहुण्याकडून 12,000 आले. चलन काढलं, अण्णांनी मोबाईलवरून पैसे भरले. ओटीपी या वेळी समोरच वाजला.

10:05
पोचपावतीचा नंबर आला. ताई वहीत टिक करतात. अजून दोघे फोन उचलत नाहीत. त्यांना मेसेज टाकून ठेवला. परवा 22, तिमाहीवाल्यांची तारीख. ती यादी वेगळ्या पानावर.
अण्णा दारातून वळतात. "माझे बारा हजार गेले का मग?"
"गेले नाहीत. सूतवाल्याला 11 ऑगस्टच्या आत बिल चढवायला लावा, 20 ला वळते करून घेऊ. आणि त्याला फोन आत्तापासूनच करत राहा."