दुर्घटनेनंतर नियम येतात. गुणवत्ता टिकते का?

भनपुरी (रायपूर) : सदोष उत्पादनाने जीव गेले की चौकशी होते, परवाने रद्द होतात, नियम कडक होतात. मात्र त्यामुळे कारखान्यातील गुणवत्ता कायमची सुधारते का? औषधनिर्मितीचा चार दशकांचा अनुभव सांगतो की, नियम टिकतात. त्यांचे पालन आपोआप टिकत नाही.

छत्तीसगडमध्ये हा प्रश्न नोव्हेंबर २०१४ मध्ये पुढे आला. बिलासपूर जिल्ह्यातील नसबंदी शिबिरांनंतर १३ महिलांचा मृत्यू झाला. रायपूरमध्ये तयार झालेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन गोळ्यांत झिंक फॉस्फाईड हे उंदीरनाशक असल्याचा संशय प्रशासनाने व्यक्त केला. दुसरीकडे शस्त्रक्रियेतील जंतुसंसर्गाकडेही बोट दाखवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. शिबिरांबाबतची दिशा स्पष्ट झाली. पण मृत्यूचे कारणच वादग्रस्त राहिले की, कारखान्यात नेमके काय सुधारायचे हेही अनिर्णित राहते.

कारण निर्विवाद असले तरी सुधारणा टिकतेच असे नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषध खरेदी आणि नियंत्रण व्यवस्थेतील भ्रष्टाचार उघड केला. उत्तम उत्पादन पद्धतींचे निकष सांगणारे ‘शेड्यूल एम’ १९८८ मध्ये लागू झाले.

तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधाने २० हून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. हा द्रव रंगहीन आणि गोडसर असल्याने डोळ्यांना वा जिभेला संशय येत नाही. तो मूत्रपिंडे निकामी करतो. ओळख पटते ती केवळ प्रयोगशाळेत.

गाम्बियातील बालमृत्यूंनंतर जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांची सरकारमान्य प्रयोगशाळेत चाचणी सक्तीची झाली. देशांतर्गत विक्रीसाठी तशी पूर्वअट नव्हती. अनेक उत्पादक कच्च्या मालाच्या प्रत्येक बॅचची तपासणी करत नसल्याचे केंद्रीय औषध नियंत्रकांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये नमूद केले. सुधारित ‘शेड्यूल एम’साठी लघु व मध्यम उद्योगांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती.

अमेरिकेत १९३७ मध्ये याच रसायनाने शंभराहून अधिक बळी घेतले. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता सिद्ध करणे बंधनकारक केले. तेथे तपासणी विक्रीच्या आधी आली. भारतातही सुधारणेची खरी कसोटी तीच आहे : कारखाना मोठा असो वा लहान, पिंपातील कच्चा माल वापरण्यापूर्वी तपासला गेला का आणि त्या नोंदीची शहानिशा निरीक्षकाने केली का?