गोर्बिओची चित्रशाळा आणि रझा

सय्यद हैदर रझा यांच्या चित्रकलेचा पाया नागपूर व मुंबई येथे घातला गेला असला, तरी तिला परिपक्वता आली ती फ्रान्समध्ये. आणि तेथेही पॅरिसइतकेच महत्त्व गोर्बिओ या गावाला द्यावे लागते. इटलीच्या सीमेजवळ, मांतों शहराच्या वरच्या डोंगरात वसलेले हे लहानसे गाव आहे.

मंडला जिल्ह्यात १९२२ साली जन्मलेल्या रझांनी नागपूरच्या कलाशाळेत आणि नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले, १९४७ साली सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे या कलाकारांसह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला, आणि १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. तोवर त्यांची ओळख प्रामुख्याने जलरंगातील निसर्गचित्रकार अशी होती. १९५९ साली त्यांनी जानीन मोंजिला या चित्रकर्तीशी विवाह केला. पुढे या दांपत्याचे आयुष्य पॅरिस आणि गोर्बिओ यांत विभागले गेले व गोर्बिओतील उन्हाळे चित्रनिर्मितीचे ठरले.

या काळातील रझांच्या कामाचे मर्म माध्यमाच्या बदलातून उलगडते. पन्नासच्या दशकात ते तैलरंगाचे जाड थर सुरीने चढवीत आणि त्या थरांतून फ्रेंच खेड्यांची घरे, चर्च, झाडे उभी राहत. १९६२ साली अमेरिकेत बर्कली येथे अध्यापन केल्यानंतर ते हळूहळू ॲक्रिलिककडे वळले. ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात मिसळणारा, कृत्रिम राळेने बांधलेला रंग. तो तासाभरातही वाळत असल्याने एका थरावर दुसरा थर लगेच देता येतो आणि तैलरंगासाठी दिवसचे दिवस थांबावे लागत नाही. या वेगामुळे कुंचल्याचे फटकारे मोकळे झाले, खेड्याचे आकार विरघळले आणि चित्र अमूर्त झाले, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवता केवळ रंग व आकार यांच्या संबंधातून अनुभव उभा करू लागले.

विलक्षण गोष्ट अशी की, भूमध्य समुद्राच्या लख्ख उजेडात राहूनही रझांच्या चित्रांत मंडलाच्या अरण्यातील काळोख दाटून आला. वनखात्यात नोकरीला असलेल्या वडिलांमुळे बालपणी अनुभवलेली जंगलातली रात्र हा सत्तरच्या दशकातील कॅनव्हासांचा खरा विषय आहे. १९७२ सालच्या ‘तपोवन’ या चित्राचे नाव वाचून नाशिकच्या गोदाकाठचे तपोवन आठवेल. चित्रातील काळा, तांबडा आणि पिवळा मात्र नर्मदेच्या खोऱ्यातील मंडलाकडे नेतात. दूर राहिल्यामुळे स्मृती पुसट होते हा समज या चित्रांपुरता तरी टिकत नाही.

१९८० च्या सुमारास या काळोखाला ‘बिंदू’ हे केंद्र मिळाले: चौरस पृष्ठभागाची भौमितिक विभागणी आणि मध्ये किंवा एका अंगाला काळे वर्तुळ. शाळेत असताना चंचल मन एकाग्र व्हावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर काढून दिलेल्या ठिपक्याचा उल्लेख रझा नेहमी करीत. १९८१ सालच्या ‘माँ’ या चित्रामध्ये भौमितिक शिस्त आणि भावनेची धग यांचा समतोल उत्कृष्ट साधला आहे. उत्तरकाळातील पुष्कळ बिंदूचित्रांत मात्र शिस्त उरली आणि धग ओसरली, हे मान्य करायला हवे.

जानीन यांचे २००२ साली निधन झाले आणि २०१० च्या अखेरीस रझा दिल्लीला परतले. २०१६ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचा कुंचला थांबला नव्हता. कलाशाळांतील विद्यार्थ्यांनी रझा समजून घेताना बाजारात गाजलेल्या बिंदूपासून सुरुवात न करता सत्तरच्या दशकातील कॅनव्हास आधी पाहावेत.