उद्याचा बेत

आमच्या गावचा बाजार शनिवारी. संध्याकाळी बायका ओट्यावर भाजी निवडत बसतात.

"उद्या काय बेत, वैनी?"

"मटकीची उसळ. कालच भिजवली."

"मग मी पालकाची पातळ भाजी करते. वाटी इकडची तिकडे करू."

पूर्वी मला ही रिकामी बडबड वाटे. ती माझी चूक.

रविवारी सारी माणसे घरी. बेत आधी ठरला नाही, तर पालेभाजी पिवळी पडते, पैसा मातीत जातो. पालेभाजी आधी संपवावी. कांदा, बटाटा, भोपळा टिकतात.

मटकीला मात्र आधीपासून विचार लागतो. शुक्रवारी रात्री भिजत घाला. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात रविवारपर्यंत चांगले मोड येतात. थंडीत गाठोडे चुलीजवळ उबेला ठेवा. मोडांत क जीवनसत्त्व तयार होते. कोरड्या मटकीत ते नसल्यासारखेच. फार शिजवले तर तेही जाते.

एकदा आमच्या घरी मटकी भिजवायचीच राहिली. पाहुणे तर येणार! शेजारच्या काकूंनी आपल्या गाठोड्यातली निम्मी मटकी दिली. पुढच्या रविवारी आमच्याकडचे मोडाचे मूग त्यांच्या घरी गेले.